राजाबाई टॉवर : मातोश्रींच्या नावाचा घंटानाद

मुंबईच्या कोट विभागात, ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर पाहिला नाही असा मुंबईकर विरळाच. बाहेरगावाहून खरेदीसाठी येणारा व्यापारीदेखील चर्चगेटला उतरून मंगळदास मार्केटच्या दिशेने निघाला की उजवीडावीकडे पाहताना या मनोऱ्याकडे त्याची नजर जातेच. सुमारे २८० फूट उंचीचा, पिवळसर झाक असलेल्या कुर्ला दगडात बांधलेला हा मनोरा पूर्ण झाला तेव्हा मुंबई शहरात त्याच्याइतके उंच दुसरे काही नव्हते. त्याचे शिल्प, त्याची रंगीत काचांची तावदाने, त्याच्या पायथ्याचे ग्रंथालय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दात्याने हे दान दिले ते घड्याळासाठी आणि घंटांच्या संचासाठी होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दाता जैन होता, कापसाचा व्यापारी होता आणि दान दिल्यानंतर वर्षाच्या आतच तो धुळीस मिळाला, या तीन गोष्टी ध्यानात घेतल्याखेरीज मनोऱ्याचा इतिहास पुरता कळत नाही.

शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेस एका ओसवाल जैन कुटुंबात झाला. सुरतेचे वैभव तोवर ओसरले होते आणि तेथील अनेक व्यापारी घराणी मुंबईची वाट धरीत होती. प्रेमचंदही लहानपणीच मुंबईस आले, एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि १८५२ च्या सुमारास एका दलालाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारा पहिला देशी दलाल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. युरोपीय पेढ्यांशी दुभाष्यावाचून थेट बोलणारा माणूस त्या काळच्या बाजारात काय मोलाचा असेल, हे व्यापाऱ्यांस वेगळे सांगण्याची गरज नाही. सौदे ते कागदावर टिपून घेत नसत, सर्व हिशेब डोक्यात ठेवीत, अशीही त्यांची ख्याती होती.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धास तोंड फुटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस याच बंदरांतून येत असे. तो थांबला आणि गिरण्यांनी नाइलाजाने हिंदुस्थानकडे तोंड वळविले. 'सुरती' या नावाने इंग्लंडात ओळखला जाणारा आपल्याकडील कापूस आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला म्हणून तेथील विणकर एरवी नाक मुरडीत. आता त्याच कापसाला सोन्याचा भाव आला. ७८४ पौंडांच्या खंडीचा दर दर आठवड्याला चढू लागला. भाव इतके चढले की घरातील जुन्या गाद्या उसवून त्यांतला कापूस बाजारात आणला जाई, असे जुने लोक सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेलही. पण तेजीच्या बाजारात माणूस काय काय विकावयास काढतो, हे ज्याने जन्मभर दुकान केले आहे त्याला पटण्यासारखे आहे.

पैसा आला, पण तो ठेवावयाचा कोठे? मुंबईत तेव्हा गुंतवणुकीची साधने मोजकीच होती. साहजिकच नवनव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांवर अवघे शहर तुटून पडले. यांतली सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे बॅकबे रेक्लमेशन. या साऱ्या उलाढालींच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. त्यांनी चिठ्ठी दिली की कर्ज मिळे, त्यांनी नाव घातले की कंपनीचे शेअर चढत. बँक ऑफ बाँबेच्या कारभारावरही त्यांचा मोठा प्रभाव होता आणि त्या बँकेने पुरेशा तारणावाचून दिलेल्या कर्जांत या प्रभावाचा वाटा होता, हे चौकशीत पुढे आले. गुणगौरव करताना ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तेजीच्या ऐन भरात, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास दोन दाने दिली. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याच्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याचा संकल्प सोडला होता. प्रेमचंदांनी प्रथम ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि थोड्याच महिन्यांत आणखी दोन लाख दिले. ही दुसरी रक्कम मोठे घड्याळ आणि आनंदप्रसंगी वाजणाऱ्या घंटांचा संच बसविता येईल अशा मनोऱ्यासाठी होती. मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढी अट त्यांनी घातली. स्वतःचे नाव त्यांनी या मनोऱ्यास मागितले नाही.

पुढील वर्षी, ९ एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापूस गडगडला आणि कापसामागे शेअर कोसळले. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांच्या वायद्याचा दिवस होता. त्या दिवशी देणे कोणाचेच पुरे होईना. सगळे एकमेकांचे देणेकरी आणि सगळेच एकमेकांचे घेणेकरी, अशी बाजाराची अवस्था झाली. बँक ऑफ बाँबेचा जो शेअर एके काळी २,८५० रुपयांवर गेला होता तो ८७ रुपयांस विकावा लागला. बॅकबे कंपनी बुडाली, पुढे ती जुनी बँकही बुडाली. दिवाळखोरांची संख्या इतकी वाढली की सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंदही या प्रलयातून वाचले नाहीत. काल ज्याच्या दाराशी शहर उभे होते त्याच्या नावाने आज तेच शहर बोटे मोडू लागले.

सौदे फिरले, पण दिलेले दान फिरले नाही. दान देण्यास वर्षभराचा जरी विलंब झाला असता तर आज ओव्हलच्या कडेला हा मनोरा नसता. अनेकांची तेजी त्या काळात आली आणि गेली. त्यातली किती कमाई आज डोळ्यांना दिसते? १८६६ साली, म्हणजे पडझडीनंतरच्या वर्षी, कलकत्ता विद्यापीठाकडे प्रेमचंदांचे दोन लाख रुपये शिष्यवृत्तीसाठी गेले. 'प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती' हा बंगालमधील विद्वत्तेचा मोठा मान समजला गेला. मुंबईत ज्याला लोक दिवाळखोर म्हणून ओळखत होते त्याचे नाव बंगालमध्ये पंडितांच्या नावापुढे पदवीसारखे लागत होते, हा योगायोग विलक्षण खरा.

मनोऱ्याचा आराखडा लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. हे गृहस्थ मुंबईस कधीच आले नाहीत. नकाशे तेवढे जहाजातून आले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉट निवर्तले होते. ग्रंथालय व मनोरा मिळून खर्च सुमारे साडेपाच लाखांवर गेला. स्कॉट यांच्या आराखड्यावर व्हेनिसच्या गॉथिक वास्तुशैलीची छाप आहे आणि मनोऱ्याचे नाते जाणकार फ्लॉरेन्समधील जिओत्तोच्या घंटाघराशी जोडतात. सर्वसामान्य लोक त्याला लंडनच्या बिग बेनचा भाऊ म्हणतात.

इमारत विलायती धाटणीची असली तरी तिच्यावरील माणसे आपली आहेत. स्तंभांच्या माथ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या व्यक्तींचे पुतळे बसविलेले आहेत. प्रत्येकाची पगडी वेगळी, अंगरख्याची ठेवण वेगळी. त्यांचे नमुने रावबहादुर मुकुंद रामचंद्र या महाराष्ट्रीय अभियंत्याने तयार केले. कापडाच्या धंद्यातील माणसाने तर ते दुर्बीण लावून पाहावेत. त्या काळी कोण कसे नेसत होते आणि कोण पागोटे कसे बांधत होते, याची ही दगडात कोरलेली वही आहे.

आता घंटांविषयी. युरोपात, विशेषतः आजच्या बेल्जियम व हॉलंड या प्रदेशांतील व्यापारी नगरांत, नगराच्या मध्यवर्ती मनोऱ्यात लहानमोठ्या घंटांचा स्वरबद्ध संच बसविण्याची प्रथा फार जुनी आहे. त्यास 'कॅरिलन' असे म्हणतात. तास वाजण्यापूर्वी लोकांचे लक्ष वेधण्यासाठी चारदोन घंटा वाजवीत; त्यातून हळूहळू पूर्ण गाणी वाजविणारे संच निर्माण झाले. हे मनोरे बहुतेक ठिकाणी नगराच्या मालकीचे असत आणि बाजार उघडणे, वेशीचे दरवाजे बंद होणे, आग, शत्रूची चाल अशा सर्व वार्ता त्यांच्या घंटांवरून कळत. प्रेमचंदांनी ज्या घंटांसाठी पैसे दिले त्यांचे मूळ या व्यापारी नगरांच्या परंपरेत आहे. आजच्या काटेकोर व्याख्येनुसार कॅरिलन म्हणवून घेण्यास किमान २३ घंटा असाव्या लागतात. तेवढ्या राजाबाई टॉवरमध्ये नाहीत. म्हणून शास्त्रशुद्ध भाषेत त्यास लहान संचच म्हणावे लागेल. परंतु त्या काळच्या मुंबईकरांनी आणि प्रवासवर्णनकारांनी त्याला कॅरिलनच म्हटले.

अशा यंत्राची रचना समजण्यास कठीण नाही. जत्रेतील किल्लीच्या बाजाच्या पेटीत खिळे मारलेले छोटे पिंप फिरते आणि त्यावरील खिळे एकेक पट्टी छेडतात, तीच कल्पना येथे प्रचंड आकारात योजिलेली असते. पिंपावरचे खिळे तरफा उचलतात, तरफांना जोडलेल्या तारा वर घंटाघरात जातात आणि तेथील हातोडे घंटांवर पडतात. घंटा स्वतः हलत नाही. हलतो तो हातोडा. यंत्राला बळ मिळते ते लोंबणाऱ्या वजनांपासून आणि ती वजने माणसानेच गुंडाळून वर न्यावी लागतात. घड्याळ पुरविणारी पेढी लंड अँड ब्लॉकली ही होती. राजाबाई टॉवरच्या यंत्रावर एकूण १६ सुरावटी होत्या आणि दिवसातून चार वेळा त्या बदलत. त्यांत इंग्रजांचे राष्ट्रगीत होते, 'रूल ब्रिटानिया' होते, 'होम स्वीट होम' होते आणि हँडेल या संगीतकाराची एक रचना होती.

एका जैन मातेच्या नावाच्या मनोऱ्यातून साम्राज्याच्या समुद्रावरील सत्तेचे गाणे वाजावे आणि खाली ओव्हलवर फिरावयास आलेल्या साहेबांनी माना डोलवाव्यात, हे आज विचित्र वाटते. त्या काळच्या शेठजींना ते तसे वाटले असेल असे नाही. व्यापार त्याच समुद्रमार्गाने चालत होता. परंतु पुढील पिढ्यांना वाटले असणार, आणि स्वातंत्र्यानंतर ही १६ सुरावटींची आवर्तने राहिली नाहीत. दर पंधरा मिनिटांनी वाजणारी एकच धून तेवढी उरली.

घंटांच्या संदर्भात राजाबाईंची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. त्या धर्मपरायण होत्या, रात्रिभोजनत्यागाचे व्रत त्यांनी कसोशीने पाळले होते. परंतु दृष्टी गेल्यामुळे सूर्य मावळण्याची वेळ त्यांना दिसत नसे. कोणास न विचारता त्यांना सायंभोजनाची वेळ कळावी म्हणून पुत्राने हा घंटानादाचा मनोरा बांधविला, अशी ती कथा. मातृभक्तीची म्हणून ती मनाला भिडते आणि आपल्या समाजात ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तथापि इतिहास लिहिताना थोडे थांबावे लागते. प्रेमचंदांचा बंगला भायखळ्यास होता आणि मनोरा कोटात. दोहोंत तीनएक मैलांचे अंतर. १८६४ च्या मुंबईत आजच्यासारखा गोंगाट नव्हता, वारा अनुकूल असता आवाज दूरवर जाई, हे खरे. तरीही दान दिल्यापासून मनोरा पुरा होईपर्यंत चौदा वर्षे लागली, हेही विसरून चालत नाही. सायंकाळच्या जेवणाची वेळ कळविण्यास चौदा वर्षांनी वाजणारी घंटा कोणी मागवीत नाही. कथा सांगावी, पण कथा म्हणून सांगावी. आईचे नाव देण्याची अट ही मात्र कागदोपत्री आहे आणि मातृभक्तीचा तेवढा पुरावा पुरेसा आहे.

शिवाय व्रताची वेळ सूर्यावर ठरते, घड्याळावर नाही, हे चौविहार करणाऱ्यांस ठाऊकच आहे. गंमत अशी की सूर्याची वेळ आणि सरकारची वेळ यांचा तंटा पुढे याच मनोऱ्यावर झाला. त्या काळी प्रत्येक शहर आपापल्या सूर्याप्रमाणे वेळ धरीत असे. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. रेल्वे व तारखाते मात्र मद्रासची वेळ पाळीत आणि ती मुंबईच्या पुढे सुमारे अर्धा तास होती. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कारभारात मद्रासची वेळ लागू केली. लोकांना ती रुचली नाही. चाकरमान्याला अर्धा तास लवकर उठावे लागे आणि घरच्या देवपूजेचे, जेवणाचे गणित बिघडे. राजाबाई टॉवरच्या घड्याळावर रात्री दिवे लावण्याचा खर्च सरकारने उचलावयाचा तर घड्याळ मद्रासची वेळ दाखविणारे असले पाहिजे, अशी भूमिका सरकारने घेतली. १८८३ साली विद्यापीठाच्या सिनेटपुढे प्रश्न आला आणि सिनेटने कौल मुंबईच्या वेळेच्या बाजूने दिला. दिव्याच्या तेलाच्या खर्चासाठी शहराचा सूर्य विकावयाचा नाही, असाच त्या कौलाचा अर्थ होता. त्याच वर्षी सरकारनेही आपला हुकूम मागे घेतला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास अशी सर्व देशाची एक प्रमाणवेळ आली, तेव्हाही मुंबईने सहजी मान तुकविली नाही. महापालिकेने मुंबईची वेळ १९५५ पर्यंत चालविली.

मनोऱ्याच्या इतिहासातील एक काळे पान सांगितले पाहिजे. २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चुबाई व फिरोजबाई या दोन पारशी तरुणींचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाला. बच्चुबाई या अर्देशर गोदरेज यांच्या पत्नी. पुढे कुलुपांच्या धंद्यात नावाजलेले ते हेच. प्रकरण न्यायालयात गेले, वर्तमानपत्रांतून महिनोन् महिने गाजले आणि उलगडा न होताच संपले. नंतरच्या काळात वरून उडी टाकून जीव देण्याचे प्रकार घडले आणि वर जाण्यास सर्वसामान्यांना बंदी झाली. चक्राकार जिन्याने वर चढून मुंबई पाहण्याची हौस आजच्या पिढीला त्यामुळे भागविता येत नाही.

प्रेमचंद शेठ १८६५ नंतर चाळीस वर्षे जगले. त्यांनी पुन्हा दलालीस आरंभ केला, पेढी पुन्हा उभी केली आणि १८७५ मध्ये देशी शेअर दलालांची जी संघटना स्थापन झाली तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. ३१८ सभासद आणि एक रुपया प्रवेश फी अशी जिची सुरुवात झाली तोच आजचा मुंबई शेअर बाजार. वडाच्या झाडाखाली ज्यांचे सौदे बुडाले त्यांतल्याच माणसांनी सौद्यांना नियम लावले. १९०६ मध्ये प्रेमचंद निवर्तले. म्हणजे मनोरा पूर्ण झाल्यानंतर अठ्ठावीस वर्षे, जाता-येता, त्यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाच्या घंटा ऐकल्या असणार.

दगड आणि यंत्र यांना देखभाल लागते आणि तीबाबत आपला समाज नेहमीच उदासीन. पावसाने, खाऱ्या हवेने आणि कबुतरांनी मनोऱ्याची जी दशा केली होती ती दुरुस्त करण्याचे मोठे काम २०१३ ते २०१५ या काळात झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने त्यासाठी सुमारे चार कोटी रुपये दिले आणि वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांनी ते काम पार पाडले. उभारणीला पाच-साडेपाच लाख आणि एका दुरुस्तीला चार कोटी! रुपयाची किंमत घसरली हे धरूनही विश्वस्तांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मोठ्या दानाची पाटी लावावयास सर्व पुढे येतात. घड्याळास चावी देणाऱ्याच्या पगाराची तरतूद करणारा दाता क्वचितच भेटतो. २०१८ मध्ये या जीर्णोद्धारास युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत उल्लेखनीय कार्य म्हणून मान मिळाला.

त्याच वर्षी, ३० जून २०१८ रोजी, ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. पूर्वेस राजाबाई टॉवरसह गॉथिक इमारतींची रांग आणि पश्चिमेस १९३० नंतर बांधल्या गेलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. या पश्चिमेकडील परिसरात मूळचा समुद्रच होता. बॅकबेचा हा समुद्र हटवून जमीन करण्याच्या ज्या स्वप्नावर १८६४ मध्ये मुंबईने आपली पुंजी लावली आणि ज्यापायी प्रेमचंद रायचंद बुडाले, ते स्वप्न सरकारने १९२० नंतर पुन्हा हाती घेतले आणि पुष्कळ वादंगानंतर अर्धेमुर्धे तडीस नेले. राजाबाई टॉवरच्या पश्चिमेकडील घड्याळाचे तोंड नेमके या इमारतींकडे आहे.